१९५/६५ आर१५ टायर बदलायचे आहेत: कोणते घ्यावेत, आणि बसवणारा कसा पारखावा?

साधाचालक

नमस्कार मंडळी. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, रिम अलॉयच्या, व्हॉल्व्हला हवेचे सेन्सर आहेत. टायर १९५/६५ आर१५ ९१एच. पुढच्या जोडीची नक्षी मधोमध ३ मिमी उरली आहे, पण दोन्ही टायर आतल्या कडेला पार झिजेच्या खुणेपर्यंत घासलेत. मागच्या जोडीची साडेचार मिमी आहे आणि सगळीकडे सारखी. मागच्यांवर तारखेचा कोड २३२१ दिसतो.

प्रश्न असे:
दोनच बदलू की चारही? दोन बदलले तर नवे पुढे की मागे?
२०५/६५ आर१५ "आरामात बसतो, गाडी भरीव दिसते" असा सल्ला मिळतोय. घ्यावा का?
पाकिटावर, लेबलवर, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) इतकं काय काय लिहिलेलं असतं, त्यातलं बघायचं काय?
आणि सगळ्यात मोठा प्रश्न: टायर बसवणारा नीट काम करणारा आहे हे आधी कसं ओळखायचं? अलॉयवर ओरखडे नकोत आणि सेन्सर तुटायला नको.

---

रबरपुराण

आधी आकाराचं बोलू, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं व्यर्थ.

१९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे जवळपास १२७ मिमी. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. दोन्ही बाजूंची साइडवॉल धरून पूर्ण व्यास होतो ६३४.५ मिमी. आता २०५/६५ आर१५ घ्या: साइडवॉल १३३ मिमी, व्यास ६४७ च्या पुढे. दोन टक्के मोठा. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण मोठ्या चाकामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, गिअरिंग तेवढं लांबतं, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी भरलेली असताना टायर आतल्या प्लास्टिक लायनरला घासू शकतो. "बसतो" याचा अर्थ रिमवर चढतो एवढाच. गाडीत बसतो की नाही, हे वेगळं.

रुंदी वाढवायचीच असेल तर साइडवॉलची टक्केवारी कमी करायची असते. २०५/६० आर१५ चा व्यास ६२७ मिमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत लहान. १६ इंची रिम घेणार असाल तर २०५/५५ आर१६ चा व्यास ६३२ मिमी, मूळ मापाच्या अगदी जवळ. पण दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये तो आकार दिलेला नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. विमा आणि तपासणीच्या कटकटी वेगळ्याच. दिसण्यासाठी रुंद टायर घेण्याची खोड मला कधी पटलेली नाही. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंदापेक्षा लवकर तरंगतो.

९१एच: ९१ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. नियम सोपा: दोन्ही बाबतींत मूळ आकड्याइतकं किंवा वर, खाली कधीच नाही. ८८ चा टायर स्वस्त मिळाला तरी तो ५६० किलोचा आहे, आणि चार माणसं, सामान, खड्डे यांचा हिशेब करून उत्पादकाने ९१ सांगितलंय. एक्सएल लिहिलेला टायर जास्त भार पेलतो, पण तो जास्तीचा भार पेलायला त्याला हवाही जास्त लागते. साध्या गाडीला त्याची गरज नसते आणि चाल थोडी कडक होते. इलेक्ट्रिक आणि जड गाड्यांचा मामला वेगळा. तिथे मूळ टायर एक्सएल असेल तर तोच घ्यायचा.

आता लेबल. युरोपियन लेबलवर तीन गोष्टी असतात: इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड (दोन्ही ए ते ई) आणि आवाज डेसिबलमध्ये. बघायची ती ओली पकड. दोन टायरमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर जास्त चांगल्या ओल्या पकडीचा घ्या. इंधनाचा ए आणि ओल्या पकडीचा डी असला टायर टाळा. रबर कडक करून घर्षण कमी केलेलं असू शकतं. आवाजाचा आकडा फसवा आहे, कारण तो गाडीबाहेर उभ्या माणसाला ऐकू येणारा आवाज. आत बसणाऱ्याला किती गुणगुण ऐकू येईल ते त्यावरून कळत नाही. शिवाय हे सगळे आकडे कोऱ्या टायरचे.

साइडवॉलवर ट्रेडवेअर (नक्षी किती टिकेल त्याचा आकडा) ४०० वगैरे कोरलेलं असतं. सिद्धांतात ४०० चा टायर २०० च्या दुप्पट टिकतो. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनी आपापला आकडा ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांमध्ये नाही. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक दाबण्याचं आहे, वळणाचं नाही.

तारीख: चार आकडी कोडचे पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमचा २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. हा कोड बहुतेक वेळा एकाच साइडवॉलवर असतो, म्हणून बाहेरून दिसला नाही तर आतली बाजू बघा. नवे टायर घेताना वर्षाच्या आतले मागा आणि निदान एका आसावरचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही साधारण एकाच काळातले असू द्या. सावलीत, कोरड्या जागी ठेवलेला वर्षभराचा टायर जुना होत नाही. उन्हात रचून ठेवलेल्या ढिगातला होतो.

तुमचे मागचे चालतील, पण आधी साइडवॉलवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का बघा. बोटाने रबर जरा ताणलं की भेगा उघडतात. पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासणी, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे कुठलाही टायर नको. स्टेपनीलाही हेच लागू. ती कोणी बघतच नाही.

---

वळणवाट

दोन बदलणार असाल तर नवे मागे. सध्याचे मागचे साडेचार मिमीवाले पुढे आणा.

कारण असं. पावसात कमी नक्षीचा टायर आधी तरंगतो. पुढचे तरंगले तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. वेग कमी केला की पकड परत येते. मागचे तरंगले तर गाडीचा मागचा भाग निसटतो आणि गाडी फिरते. तिथे बहुतेकांना सावरायला वेळ मिळत नाही.

---

सरळमार्गी

पण ओढ पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा बहुतेक भार पुढे. चांगला टायर कामाच्या जागी नको का? मागचे नुसते मागून येतात.

---

वळणवाट

हाच युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो, आणि कोरड्या रस्त्यावर तो पटतोही. पण मागचे टायर "मागून येतात" तेच तर त्यांचं काम आहे: गाडीला सरळ ठेवणं. स्टॅबिलिटी कंट्रोल आहे म्हणून निश्चिंत असाल तर तेही एकेका चाकाचा ब्रेक लावूनच सावरतं. त्या चाकाखाली पाणीच असेल तर तो ब्रेक कशावर लागणार?

पुढे नवे टाकल्यावर ते लवकर झिजतात आणि मागचे वर्षानुवर्षं तसेच म्हातारे होत राहतात, हा आणखी एक तोटा. नवे मागे टाकले की पुढच्या खेपेला पुढचे जातात, मागचे पुढे येतात, आणि कुठलीच जोडी सहा-सात वर्षांची होऊन बसत नाही.

चारही चाकांना ओढ असलेली गाडी असेल तर मात्र हे गणित बदलतं. तिथे पुढच्या-मागच्या टायरांच्या परिघात फरक पडला की डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (चाकांना ताकद वाटून देणारे भाग) सतत झुंजत राहतात. किती मिलिमीटरपर्यंत फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नसेल तर चारही एकदम.

---

पाना_दहाबारा

बसवण्याबद्दल लिहितो, कारण "हा टायर खराब निघाला" म्हणून ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच टायरच्या नसतातच. थरथर, हळूहळू हवा जाणं, अलॉयवर ओरखडे, पंक्चर झाल्यावर रस्त्यात न सुटणारे नट, हे सगळं बसवण्यातून येतं.

दुकान पारखायचं असेल तर फोन करण्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या गाडीचं काम चालू असताना दहा मिनिटं तिथे उभे राहा. काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

गाडी उचलणं. जॅक किंवा लिफ्टचा पाय नेमून दिलेल्या जागी लागतो का? पत्र्याच्या कडेखाली मधेच कुठेतरी जॅक लावला की कड दुमडते आणि तिथूनच गंज धरतो. इलेक्ट्रिक गाडीत तर खाली बॅटरीचं आवरण असतं, तिथे रबरी ठोकळा आणि बरोबर जागा याला पर्याय नाही. गाडी उचलायच्या आधी नट थोडे ढिले केले की नाही, आणि कुठलं चाक कुठलं होतं ते खडूने लिहिलं की नाही, एवढ्यावरून माणसाचा हात कळतो.

टायर उतरवणं. टायरची कड (बीड) रिमपासून सुटवायला मशीनला बाजूला एक फावडं असतं. ते व्हॉल्व्हच्या जवळ दाबलं की आतला सेन्सर फुटतो. म्हणून तुम्हाला सेन्सर आहेत हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, आणि कारागीर व्हॉल्व्ह फावड्यापासून लांब फिरवून ठेवतो का ते बघा. मशीनच्या डोक्याला आणि रिम धरणाऱ्या जबड्यांना प्लास्टिकची आवरणं असायला हवीत. ती झिजून धातू उघडा पडलेला असेल तर अलॉयवर ओरखडा ठरलेलाच.

टायर उतरला की त्याच्या आत हात फिरवायला सांगा. आत काळी रबराची पूड सापडली तर तो टायर कमी हवेवर बराच पळलेला आहे, साइडवॉल आतून खराब झालेली आहे. तुमच्या मागच्या जोडीतला एखादा टायर रिमवरून उतरवायची वेळ आली तर हे जरूर बघा, कारण बाहेरून तो ठणठणीत दिसतो.

रिम साफ करणं. इथे सगळ्यात जास्त कामचुकारपणा होतो. अलॉयच्या ज्या कडेवर टायरची कड बसते तिथे पांढरा भुसभुशीत थर धरतो. तो तारेच्या ब्रशने नाही काढला तर नवा टायरही आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा सोडत राहतो, आणि तुम्ही पंक्चर शोधत बसता. व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा भागही साफ हवा.

व्हॉल्व्ह. रबरी व्हॉल्व्ह नव्या टायरबरोबर नवा, यात चर्चा नको. सेन्सर असलेल्या व्हॉल्व्हला सील, नट, कोअर (हवा अडवणारी आतली पिन) आणि टोपी यांचा छोटा संच मिळतो, तो बदलायचा. कोअर निकेलचा मुलामा दिलेला हवा. साधा पितळी कोअर अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून अडकतो. सेन्सरची बॅटरी आत बंद असते आणि साधारण ५ ते १० वर्षं चालते. सेन्सर तेवढा जुना असेल आणि टायर उतरवलेलाच असेल तर त्याच वेळी बदलून टाकणं शहाणपणाचं, नाहीतर तीच मजुरी पुन्हा.

चढवणं. कडेला टायर पेस्ट लावायची, दोन्ही कडांना, पूर्ण गोल. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा डिझेल लावणारा माणूस दिसला तर गाडी परत फिरवा. रबर फुगतं आणि ब्रेक दाबल्यावर टायर रिमवर सरकू शकतो. चढवताना समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरावी लागते. ती तशी धरली नाही की उरलेली कड जोर लावून ओढली जाते आणि आतली तार ताणली जाते किंवा रबर फाटतं. चढवताना प्रत्येक टायरला पहारीसारखा जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

दिशा: साइडवॉलवर बाण असेल तर बाण पुढे फिरणाऱ्या चाकाच्या दिशेने. "आउटसाइड" कोरलेलं असेल तर ती बाजू बाहेर. हे हमखास चुकतं, विशेषतः चौथ्या चाकाला. गाडी खाली यायच्या आत तुम्ही स्वतः चारी बाजूंनी चक्कर मारा.

रंगीत ठिपके: पिवळा ठिपका म्हणजे टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर ठेवतात, कारण रिम तिथे जड असते. लाल ठिपका टायरच्या उंच भागाचा, तो रिमवरच्या सखल खुणेसमोर. खूण नसेल तर व्हॉल्व्हसमोर. दोन्ही ठिपके असले तर लालला मान. ठिपका जुळवल्याने वजनं कमी लागतात एवढंच. नाही जुळवला म्हणून काही बिघडत नाही.

हवा भरून कड बसवणं. कोअर काढून हवा मारायची, म्हणजे जोरात जाते आणि कड दोनदा "टक्" आवाज करून बसते. ४० पीएसआयच्या पुढे कड बसवायला जायचंच नाही. नाही बसली तर हवा सोडायची, परत पेस्ट लावायची, परत प्रयत्न. ६०-७० पीएसआय मारून कड उडवणं हा जीवघेणा प्रकार आहे, रिम किंवा टायर फुटून माणसं जखमी झालेली आहेत. बसली की नाही हे तुम्हीही बघू शकता: टायरवर रिमच्या अगदी जवळ एक बारीक उंच रेषा गोल गेलेली असते. तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे, पुढूनही आणि मागूनही.

बॅलन्सिंग. जुनी वजनं आधी काढली पाहिजेत, आणि आतल्या बाजूचा चिखल धुतला पाहिजे. चाक मध्यावर धरणारा शंकू मशीनवर आतल्या बाजूने नीट बसला नाही तर मशीन शून्य दाखवेल आणि गाडी थरथरेल. हे पकडायची सोपी युक्ती: शून्य दाखवल्यावर चाक सैल करून मशीनच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवून परत आवळायला आणि परत फिरवायला सांगा. आकडा शून्याच्या आसपास राहिला तर काम खरं. एकदम २०-२५ ग्रॅम दाखवायला लागलं तर चाक मध्यावर बसलेलंच नव्हतं. हे करायला आढेवेढे न घेणारा टायरवाला सापडला की तो सोडू नका.

अलॉयला आतल्या बाजूने चिकटणारी वजनं, लोखंडी रिमला कडेवर ठोकायची. चिकटवण्याआधी जागा पुसलेली आणि कोरडी हवी, नाहीतर पहिल्या धुण्यात गळतात. एकाच बाजूला ६०-७० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर वजनं लावत बसू नये; टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बघावं. तरीही तेवढंच मागितलं तर रिम वाकडी आहे का किंवा टायर सदोष आहे का ते पाहायचं.

चाक लावणं. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावरचा आणि रिमच्या मागचा गंज ब्रशने काढायचा. मधे गंजाचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं, आणि तो पापुद्रा नंतर चुरडला की आवळलेले नट आपोआप ढिले पडतात. मधल्या गोल उंचवट्यावर वंगणाचा अगदी पातळ हात चालतो; नटांच्या आट्यांवर आणि सपाट तोंडावर मात्र तेल-ग्रीस काही नको. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला तरी बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

नट आधी हाताने दोन-चार आटे, मग ताऱ्याच्या क्रमाने, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने). मूल्य मॅन्युअलमधून, लहान गाड्यांना बहुधा ९० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतं, पण अंदाज चालवू नका. आता यातली मेख: बरेच जण आधी इम्पॅक्ट गनने कचकचून आवळतात आणि मग दाखवायला टॉर्क रेंच लावून "क्लिक" वाजवतात. आधीच २०० वर आवळलेला नट ११० वर लगेच क्लिक करणारच! क्लिक व्हायच्या आधी रेंच थोडा तरी फिरला पाहिजे. फिरला नाही तर तो नट ढिला करून परत आवळायला सांगा. जास्त आवळल्याने बोल्ट ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते, आणि रस्त्यात डिकीतल्या पान्याने ते नट सुटत नाहीत.

लॉक नट असेल तर त्याची चावी काम झाल्यावर हातात मागून घ्या. ती मशीनवर राहून जाते, आणि आठवण येते ती पंक्चर झाल्यावर.

---

साधाचालक

हे छापूनच घेतो. दोन शंका. आतल्या कडेच्या घासण्याचं कुणी बोललं नाही, ते अलाइनमेंटनेच जाईल का? आणि नायट्रोजन भरावा का?

---

तिरकंचाक

दोन्ही पुढचे आतूनच घासलेत म्हणजे बहुधा टो बिघडलाय: चाकं वरून बघितली तर पुढच्या बाजूला किंचित बाहेर फाकलेली. आतल्या कडेवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलेला. नुसतंच गुळगुळीत तिरकं घासलेलं असेल तर कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल.

लगेच अलाइनमेंटला जाऊ नका. आधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक (चाक धरणारे आणि वळवणारे सांधे) तपासून घ्या. यात खेळ असेल तर मशीनवर आकडे हिरवे येतील आणि पहिल्या खड्ड्याला परत बिघडतील. चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि खटखट आली तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक; बारा आणि सहाला धरून आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. नक्षीवर चढउतार, म्हणजे गोल खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघायचे. तुमच्या वर्णनात ते नाही.

क्रम असा ठेवा: सुटे भाग, मग नवे टायर बसवणं, हवा बरोबर करणं, आणि मग अलाइनमेंट. चारही चाकांचं करून घ्या, कारण मागची चाकं तिरकी असली तर पुढचं सरळ करूनही स्टिअरिंग वाकडंच राहतं. काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागा. फक्त नंतरचा देणाऱ्याने नेमकं काय हलवलं ते कळत नाही. बऱ्याच साध्या गाड्यांत पुढे फक्त टो फिरवता येतो. कॅम्बर फिरवायची सोयच नसते. अशा गाडीचा कॅम्बर मर्यादेबाहेर आला तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तिथे "कॅम्बर सेट केला" म्हणून पैसे लावणाऱ्याला कुठे आणि कसा सेट केला ते विचारा.

आणि अलाइनमेंटने थरथर जात नाही, बॅलन्सिंगने गाडी एका बाजूला ओढणं जात नाही. दोन्ही वेगळी कामं.

नायट्रोजन: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट मिळाला तर घ्या. महिन्यातून एकदा गार टायरची हवा तपासणं त्याच्यापेक्षा कितीतरी उपयोगी. तापमान १० अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून गाडी पळवून आल्यावर गरम टायरची हवा कमी करू नका.

---

रबरपुराण

हवेवरून आठवलं. साइडवॉलवर "मॅक्स प्रेशर" म्हणून जो आकडा असतो तो भरायचा नाही. भरायचा आकडा दाराच्या चौकटीवर असतो, तिथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडेही असतात. काही टायरवाले सगळ्याच गाड्यांना ३५ मारून मोकळे होतात. पुढे-मागे वेगळा आकडा असेल तर तो आधीच सांगा. वर्षभरात मधोमध जास्त घासलं तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या तर कमी.

---

साधाचालक

ठीक. मग ठरवतो: १९५/६५ आर१५, ९१ किंवा वरचा, नवे मागे, मागचे पुढे, त्याआधी बुश आणि टाय रॉड. बसवून घरी आल्यावर काय तपासू?

---

पाना_दहाबारा

सेन्सर आधी. मागची चाकं पुढे गेली म्हणजे काही गाड्यांना सेन्सरच्या जागा परत शिकवाव्या लागतात, नाहीतर पडद्यावर "मागचं डावं" दिसतं आणि हवा खरं तर पुढच्या डाव्याची गेलेली असते. तपासायचं असेल तर एकाच चाकाची हवा मुद्दाम ४-५ पीएसआय कमी करून, थोडी गाडी चालवून कुठलं दाखवतंय ते बघा, आणि परत भरा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर अंतर राखून चालवा, जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. ५० ते १०० किमी झाल्यावर टॉर्क रेंचने नट परत तपासा. अलॉयला हे विशेष गरजेचं.

८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर पुढचं बॅलन्सिंग. सीट थरथरली तर मागचं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर टायरवाल्याकडे जाऊ नका, डिस्क बघा. २०-३० च्या वेगालाच चाक लंगडतंय असं वाटलं तर रिम वाकडी आहे किंवा टायरच्या आतला पट्टा सुटतोय. ते लगेच दाखवा, आणि तोवर हायवेला नेऊ नका. साइडवॉलवर फुगा दिसला तरी तेच: आतले धागे तुटलेले असतात, त्याची दुरुस्ती नाही.

आठवड्याने गार टायरची हवा मोजा. चारांपैकी एकाचीच २ पीएसआयने कमी भरली तर साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग रिमच्या कडेवर दोन्ही बाजूंनी, मग नक्षीवर टाका. नव्या टायरला बुडबुडे बहुधा पहिल्या दोन ठिकाणीच दिसतात.

---

सरळमार्गी

नव्या टायरला लगेच खिळा लागला तर? बाहेरून दोरी घालून भागतं का?

---

पाना_दहाबारा

दोरी घरी पोचायला. पक्कं काम म्हणजे टायर उतरवून, आतून तपासून, आतल्या बाजूने छत्रीसारखा पॅच, ज्याचा दांडा भोकातून बाहेर येतो. भोक ६ मिमीपर्यंतचं आणि नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच. खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर तो टायर गेला. बाटलीतला सीलंट घातला असेल तर उतरवण्याआधी कारागिराला सांगा. आत चिकट पाणी असतं, ते सेन्सरच्या भोकात गेलं की चुकीचा आकडा येतो, आणि न पुसता लावलेला पॅच धरत नाही. पॅच झाल्यावर त्या चाकाचं बॅलन्सिंग परत करायचं.

आणि सरळमार्गी, खिळा लागलाय असं दिसलं तर तो रस्त्यात उपटू नका. बऱ्याचदा खिळाच भोक बुजवून धरतो. हवा भरा, हळू चालवत जा, आणि दुकानात काढू द्या.